फिल्टरच्या कँडलची वात

इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या पोटात एक वात असते. बाहेरून ते यंत्र पेनासारखं किंवा पेन ड्राइव्हसारखं दिसतं, आत बॅटरी असते, तारेचं बारीक वेटोळं असतं, म्हणून आपल्याला वाटतं की हे काहीतरी एकदम नवीन. पण त्या तारेपर्यंत औषधासारखा पातळ द्रव पोचवण्याचं काम करते ती वातच. दिव्यात वात तेल वर ओढते, रॉकेलच्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओढते, तसंच. फरक एवढाच की इथे ज्योत नाही. तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती वाफ माणूस छातीत घेतो.

दोन भाषा शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला आधी शब्दच दिसतात. मराठीत वात, उर्दूत बत्ती, आणि जुन्या उर्दूत फतीला. हा फतीला अरबीतून फारसीत, तिथून हिंदुस्थानात आला आणि मराठीत पलिता झाला. कंदीलही अरबीतूनच आपल्याकडे आला. हुक्का हा शब्द अरबी, चिलीम फारसी, तंबाखू पोर्तुगीजांच्या जहाजातून उतरलेली. गुडगुडी मात्र आपली, आवाजावरून पडलेलं नाव. धूर ओढायच्या प्रत्येक साधनाला आपण आपल्या भाषेत जागा करून दिली. आता 'व्हेप' आलंय. वर्गातल्या मुलांना तो शब्द मला शिकवावा लागत नाही.

त्यातली वात मी पहिल्यांदा पाहिली ती माझ्या भाच्याच्या हातात. तो जळगावला एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. माझी बहीण धुळ्याला राहते. दुल्हाभाई पॉवरलूमवर होते, दिवसाला दोन बंडल बिडी ओढायचे. शेवटची तीन वर्षं त्यांना जिन्याच्या चार पायऱ्या चढता येत नव्हत्या. रात्री झोपून श्वास घेता येत नाही म्हणून आपा त्यांच्या पाठीशी उशा रचायची, आणि ते बसल्या बसल्या पहाट करायचे. त्यांचा मुलगा सतराव्या वर्षी बिडी ओढू लागला होता. बापाला मातीत ठेवून आल्यावरही ती सुटली नाही. मग गेल्या वर्षी सुटली. कशाने, तर या यंत्राने.

"मामू, बिडी तो छूट गई ना?" तो म्हणतो. या वाक्याला मी सहज उडवून लावू शकत नाही. त्याच्या अंगाला आता बिडीचा वास येत नाही. आपाच्या दृष्टीने तेवढं पुरेसं आहे.

त्याच्या यंत्रातली कापसाची वात वरचेवर जळायची. द्रव कमी पडला की कापूस कोरडा होतो, तापलेल्या तारेने करपतो आणि घशाला चटका बसतो. बाजारात चिनी मातीची, म्हणजे सिरॅमिकची वात असलेली यंत्रं येतात. ती चोरून मिळतात आणि महाग मिळतात. हा कारागीर पोरगा. त्याने विचार केला, ज्या मातीतून पाणी झिरपतं पण जी जळत नाही अशी भाजलेली माती घरात कुठे आहे? त्याला ती स्वयंपाकघरात सापडली. स्टीलच्या फिल्टरमध्ये ती पांढरी कँडल असते ना, तीच. एक तुटलेली कँडल त्याने घेतली, हेक्सा ब्लेडने तुकडा कापला, वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत तो लेथवर धरून गोल केला, मधोमध भोक पाडलं, पॉलिश पेपरने घासला. तार जुन्या शेगडीची. मला त्याने तो तुकडा तळहातावर ठेवून दाखवला. तांदळाच्या चार दाण्यांएवढा असेल. त्यावर त्याने शाईचा एक थेंब सोडला. थेंब क्षणात आत गेला आणि दुसऱ्या टोकाला निळा डाग उमटला.

खरं सांगायचं तर मी त्या डागाकडे बघतच राहिलो. दहावीत विज्ञानात नापास झालेला हा मुलगा. केशाकर्षण हा शब्द त्याला कुणी विचारला असता तर त्याने मान खाली घातली असती. आणि इथे त्याने तो धडा हाताने लिहून दाखवला होता.

हा धडा खान्देशात नवीन नाही. आपल्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना माठाचं मोल सांगायला नको. कुंभार मातीत राख, लीद, भुसा मिसळतो. भट्टीत हे सगळं जळून जातं आणि जिथे जिथे भुशाचा कण होता तिथे पोकळी राहते. त्या पोकळ्यांतून पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते, वाफ होताना उष्णता घेऊन जाते आणि आतलं पाणी गार पडतं. कारखान्यात बनणारी सिरॅमिकची वातही याच तत्त्वावर चालते. पोकळ्या फार बारीक असतील तर द्रव तारेपर्यंत वेळेवर पोचत नाही, फार मोठ्या असतील तर गळतो. वातीचं सगळं कसब या मधल्या जागेत आहे. स्टोव्हची वात किती वर ठेवायची हे आपल्या आयांना जसं डोळ्याने कळायचं, तसं हे माझ्या भाच्याला हाताने कळत होतं.

इथपर्यंत मला त्याचं कौतुकच वाटलं, आणि ते मी त्याला सांगितलं. हुनर हा शब्द आमच्या घरांत फार मोठा आहे. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांच्याकडे हुनर होता. कुणी पिंजारी, कुणी विणकर, कुणी कल्हईवाला. पण त्या तुकड्याच्या मागे आणखी तीन गोष्टी होत्या, आणि त्याही मामूने सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट भुकटीची. कँडल कापताना, घासताना पांढरी पूड उडते. त्याने तोंडाला रुमालही बांधला नव्हता. या मातीत सिलिका असते. काही कँडल डायटमाइटच्या असतात, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांपासून झालेल्या मातीच्या. ती भट्टीत जोरात भाजली की त्यातल्या काही सिलिकाचं स्फटिकी रूप होतं. स्फटिकी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. तिथे ती जखमेसारखे व्रण करते, त्याला सिलिकोसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या धुळीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. भट्टीच्या अस्तराला जे सिरॅमिकच्या तंतूंचं कापड लावतात, तेही काही हौशी लोक वातीसाठी वापरतात. ते तंतूही कर्करोगाच्या संशयितांच्या यादीत आहेत.

आपल्या पिढीने पाटीवर पेन्सिलने अलिफ आणि अ गिरवला. त्या पाटीच्या पेन्सिली मध्य प्रदेशात मंदसौरला कापल्या जायच्या. तिथल्या कामगारांच्या फुप्फुसांत हीच धूळ साचली आणि ऐन तारुण्यात कित्येकांना सिलिकोसिस झाला. आपल्या अक्षरओळखीची किंमत कुणीतरी श्वासाने मोजली होती. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. मास्क वापरेन म्हणाला. मी म्हटलं, बेटा, मास्क कापताना वापरशील. पण त्याच मातीच्या तुकड्यातून आलेली वाफ तू तोंडाने ओढतोस, तेव्हा मास्क कुठे लावणार? पाण्यासाठी बनवलेली कँडल तारेवर शेकडो अंश तापल्यावर त्यातून काय सुटतं, याची तपासणी ती बनवणाऱ्याने केलेली नसते. त्याने ती पाणी गाळायला बनवली होती.

दुसरी गोष्ट द्रवाची. वात तेलाची जात विचारत नाही. जे दिलं ते ओढते. या यंत्रांत प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि वासाचे अर्क असतात. हे पदार्थ मिठाईत किंवा औषधात चालतात म्हणून छातीत चालतील असं नाही. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या एका पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांना 2000 साली फुप्फुसांचा असाध्य आजार झाल्याचं उघड झालं. कारण निघालं लोण्याच्या वासाचं रसायन, डायअसिटिल. खाताना ते चालत होतं, वाफ होऊन छातीत गेलं तेव्हा नाही. पुढे 2019 मध्ये तिथेच व्हेप ओढणाऱ्या तरुणांना अचानक धाप लागून ते दवाखान्यांत भरती होऊ लागले. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्णांची नोंद झाली, त्यातले 68 दगावले. बहुतेकांच्या यंत्रात गांजाचा अर्क होता आणि तो दाट करायला घातलेलं व्हिटॅमिन ई असिटेट हे मुख्य कारण ठरलं. व्हिटॅमिन! नाव ऐकून आई स्वतःच्या हाताने देईल अशी वस्तू. भाच्याचा द्रव येतो साध्या बाटलीत, चिठ्ठी नसलेला, सुरतेहून कुणाच्या तरी ओळखीने.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि इथे आमचं खरं भांडण झालं. केंद्र सरकारने 18 सप्टेंबर 2019 रोजी वटहुकूम काढून इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेत त्याचा कायदा झाला. गंमत अशी की या कायद्यात ओढणाऱ्याला शिक्षा सांगितलेली नाही. शिक्षा आहे ती बनवणाऱ्याला, आणणाऱ्याला, विकणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि बनवणं म्हणजे काय, याच्या व्याख्येत यंत्राबरोबर त्याचा कोणताही भागही येतो. तांदळाच्या चार दाण्यांएवढी वात हाही भागच.

तोपर्यंत त्याची वात मित्रांनी पाहिली होती. एकाने दोन मागितल्या, दुसऱ्याने दहा. एका वातीचे पन्नास रुपये. लेथवर दिवसभर उभं राहून त्याला जे मिळतं त्याच्याशी त्याने हिशोब लावला होता. वहीत नावं होती. मी ती नावं वाचली. त्यात दोन मुलं अकरावीची होती.

तो चिडून म्हणाला, "अब्बाला ज्या बिडीने मारलं ती नाक्यावर मिळते. सिगारेट मिळते. आणि मी मातीचा तुकडा कापला तर जेल?"

या प्रश्नात दम आहे. ज्या बिडीने धुळ्यातल्या किती तरी छात्या पोखरल्या ती कायदेशीर आहे, तिच्या बंडलावर चित्र छापलं की काम झालं. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि पुड्या कुठे मिळतात हे शाळेतल्या पोराला विचारा. हुक्का पार्लरवर 2018 मध्ये बंदी आली. कायदा सगळीकडे सारखा पडत नाही आणि तो बहुतेक वेळा लहान माणसाच्या डोक्यावर आधी पडतो, हे आपल्या वस्तीत राहणाऱ्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पण म्हणूनच मी त्याला म्हटलं की ज्या गल्लीत पोलीस आधी तुझंच दार वाजवणार आहेत, तिथे तू वहीत गिऱ्हाइकांची नावं लिहून ठेवतोस?

बंदी आणि धूर यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. अकबराच्या दरबारातला असद बेग 1604 च्या सुमारास विजापूरहून आग्र्याला परतला तेव्हा त्याने तंबाखू आणि नक्षीची नळी बरोबर नेली. म्हणजे ही वस्तू दख्खनमधून उत्तरेला गेली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली की ही अनोळखी चीज आहे, आपल्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही. तरी अमीर-उमरावांनी ती उचलली आणि व्यापाऱ्यांनी बाजारात आणली. 1617 मध्ये जहांगीरने बंदीचा हुकूम काढला. हुकूम इतिहासात राहिला, हुक्का घराघरांत. पाण्यातून धूर गाळण्याची कल्पना हकीम अबुल फतह गिलानींच्या नावावर सांगतात. पण ते 1589 मध्येच वारले होते, तेव्हा असद बेगची नळी अजून आग्र्याला पोचायची होती. ही गोष्ट खरी असो वा नसो, ती चारशे वर्षं का टिकली ते कळतं. धूर पाण्यातून आला की तो धुतला गेला असं माणसाला वाटतं. तेच आज वाफेबद्दल वाटतं, आणि तेच सिरॅमिकच्या वातीबद्दल. साधन जितकं सुबक, तितकी भीती कमी.

आता त्याच्या सगळ्यात भक्कम मुद्द्याकडे येतो: बिडी सुटली. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्य सेवा सिगारेट सोडायला व्हेपची मदत घ्या असं खरोखरच सांगते. ते सिगारेटपेक्षा कमी हानिकारक आहे, बिनधोक नाही, आणि जे ओढत नाहीत त्यांनी सुरूच करू नये, असं त्यांचं म्हणणं. पण तिथे यंत्रावर, द्रवावर, निकोटीनच्या प्रमाणावर नियम आहेत, आणि मुलं नादी लागली म्हणून एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री त्यांनीही 1 जून 2025 पासून बंद केली. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. 2016-17 च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. त्यात धूर ओढणारे फक्त 3.8 टक्के, आणि चघळणारे, मिश्री लावणारे 24.4 टक्के. म्हणजे आपला आजार मुख्यतः गालात आहे. गालात तंबाखू धरणाऱ्याला व्हेप दिलं तर त्याची सवय सुटत नाही, छातीला नवी लागते. आणि वहीतली ती अकरावीची मुलं? त्यांनी बिडी कधी ओढलीच नव्हती. त्यांची काय सुटणार होती?

भाच्यासाठी ते यंत्र बिडीतून बाहेर पडायचं दार असेल, मी नाकारत नाही. पण त्याने बनवलेली वात त्या दोन मुलांसाठी आत यायचं दार होती. एकाच वस्तूची दोन तोंडं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने उत्तर दिलं नाही. वहीचं पान फाडलं. रागाने फाडलं की समजून, ते मला कळलं नाही.

आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर शंभर यार्डांवर पिवळी रेघ आहे. त्या आत तंबाखू विकायची नाही असा 2003 चा कायदा. रेघ दर वर्षी पुसट होते आणि आम्ही ती पुन्हा रंगवतो. मात्र व्हेप रेघेबाहेरून येत नाही, खिशातून येतं, त्याला वास नसतो किंवा आंब्याचा असतो. रमजानमध्ये एका मुलाने मला विचारलं की सर, याने रोजा तुटतो का? नुसती वाफच आहे. मी म्हटलं, जाणूनबुजून आत ओढलं की तुटतो. पण तू मला रोज्याबद्दल विचारलंस, छातीबद्दल नाही विचारलंस.

पालकांना आणि माझ्यासारख्या मास्तरांना मला इतकंच सांगायचंय की मुलाच्या हातात हे यंत्र दिसलं तर फेकून देण्याआधी त्याला ते उघडून दाखवायला सांगा. ज्याने ते स्वतः जोडलंय, त्याच्याकडे दुसऱ्या कुठल्या तरी कामाची भूक आहे. त्या भुकेला काम दिलं नाही तर ती वाफेवर जगेल. भाजलेल्या मातीच्या पोकळ्यांतून जगात किती चांगलं काम झालंय ते त्याला सांगा. ग्वाटेमालात 1981 मध्ये फर्नांडो माझारिएगोस या संशोधकाने गावच्या कुंभाराला बनवता येईल असं मडकं तयार केलं. मातीत भुसा, भट्टीत भुसा जळतो, उरलेल्या बारीक पोकळ्यांतून तासाला एक-दोन लिटर पाणी गाळून येतं, आणि चांदीचा हलका लेप जंतूंना मारतो. ज्यांच्या घरी वीज नाही अशा कितीतरी देशांतल्या लोकांनी ते पाणी प्यायलं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथात न रंगवलेलं मडकं झाडाच्या मुळाशी पुरून पाणी झिरपवण्याची रीत लिहिलेली आहे. ठिबकच्या जळगावात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

सवय मात्र हुनराने सुटत नाही, तिला मदत लागते. सिगारेटच्या पाकिटावर 1800-11-2356 हा नंबर छापलेला असतो. फोन फुकट आहे, तंबाखू कशी सोडायची ते पलीकडचा माणूस सांगतो. भाच्याने तो दोनदा लावला. पहिल्यांदा लाजून ठेवून दिला, दुसऱ्यांदा बोलला. त्यांनी त्याला एक तारीख ठरवायला सांगितली आहे. त्याने ती अजून मला सांगितलेली नाही. वाती विकणं बंद आहे, स्वतःचं यंत्र अजून खिशात आहे. आपाच्या फिल्टरमध्ये त्याने नवी कँडल आणून बसवली, आणि वर्कशॉपमधल्या भुशाची एक पिशवी आमच्या ओळखीच्या कुंभाराकडे नेऊन दिली. मडकं भाजून झालं की सांगतो म्हणालाय. गळलं तरी चालेल, मी म्हटलं, किती गळतं ते मोजून लिहून ठेव.